धरणातून पाणी सोडलेलं नसताना पुण्यात पूर कसा येतो? फ्लॅट घेताना काय बघावं?

तुम्ही सहकारनगरकडे फ्लॅट बघताय आणि नदी लांब असताना तिथे पूर कसा आला, असं विचारलंय. मी कात्रजकडून खाली येणाऱ्या आंबिल ओढ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, म्हणून लिहितोय.

पुणेकराच्या डोक्यात पूर म्हणजे मुठा. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, त्याच्या गोष्टी जुन्या घरांमधून अजून निघतात. पाऊस लागला की आजही आपण नदीपात्रातला भिडे पूल बुडाला का ते बघायला जातो. पण 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीशी धरणाचा काही संबंध नव्हता. पाऊस कात्रजच्या डोंगरावर कोसळला आणि ते पाणी ओढ्यातून पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल असं खाली धावत आलं. आमच्या वॉचमनने बेल वाजवून गाड्या काढायला सांगितलं तेव्हा पार्किंगमध्ये पाणी घोट्याएवढं होतं. मी किल्ली शोधून खाली उतरेपर्यंत ते मांडीला लागलं. गाडीचा नाद सोडून वर पळालो. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली, तिथल्यांना तेवढाही वेळ मिळाला नाही.

डोंगरउतारावर माती-झाडं होती तोवर पाणी मुरत, रेंगाळत यायचं. आता टेकडी फोडून इमारती आणि भोवती पेव्हिंग ब्लॉक. हिशोब करून बघा: हजार चौरस मीटरच्या गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होतं. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर, ज्यांच्यासाठी आपण एप्रिलमध्ये भांडतो तेच! आणि हे एकाच इमारतीचं. सगळ्यांचं पाणी एकदम ओढ्यात येतं; तो कुठे भिंतींमध्ये कोंडलेला, कुठे स्लॅबखाली गेलेला. कल्व्हर्टच्या (रस्त्याखालच्या मोरीच्या) तोंडाशी फांद्या नि गाद्या अडकल्या की मागे तुंबतं. मग काठावरच्या सोसायटीची सीमाभिंत धरणाचं काम करायला लागते, आणि ती धरण म्हणून बांधलेली नसते.

नदीचा पूर वेगळा. खडकवासला हे पुण्याच्या वरच्या धरणांच्या साखळीतलं सगळ्यात खालचं धरण, जेमतेम दोन टीएमसीचं (दोन अब्ज घनफूट). वर जोराचा पाऊस झाला की पाणी सोडावंच लागतं. 25 जुलै 2024 ला पहाटे सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग 35 हजार क्युसेकच्या (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) घरात होता. इथे निदान इशारा द्यायला वेळ मिळू शकतो. पण तळमजल्यावरच्या आजींना क्युसेक सांगून काय कळणार? ‘एवढं सोडलं की तुमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी’ असं सांगायला हवं, विजेच्या खांबांवर तशा खुणा रंगवायला हव्यात.

ओढ्याच्या पुरात मात्र मिनिटांचाच खेळ असतो. कात्रजला पाऊस मोजणारं यंत्र आणि त्यावर वाजणारे भोंगे खालच्या वस्त्यांत बसवले, तर मिळालेली वीस मिनिटंही जीव वाचवतील. ‘मोठे पाइप टाका’ ही मागणी मला अर्धवट वाटते. पाणी फक्त लवकर खालच्यांच्या दारात जातं. ते वरच थोपवायला हवं: कात्रजच्या तलावांतला गाळ काढून, टेकड्या मोकळ्या ठेवून, सोसायट्यांत शोषखड्डे करून. नालेसफाई मे महिन्यात होतेच. काढलेला गाळ काठावरच ठेवतात आणि पहिला पाऊस तो परत आत नेतो, ते सोडा.

आम्ही सोसायटीपुरतं दोनच गोष्टी केल्या. खूप पाठपुरावा करून विजेचे मीटर पार्किंगमधून वर घेतले आणि सीमाभिंतीत खाली जाळीची भोकं ठेवली. भोकांवरून सभेत दोन तास वाद झाला, कारण त्यातून मांजरं येतात.

फ्लॅटचं म्हणाल तर नदीकाठी असेल तेव्हा निळी पूररेषा (25 वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल पूररेषा (100 वर्षांतून एकदा) नकाशावर बघाच. ओढ्याकाठी एवढ्यावर भागवू नका. लिफ्टची मशीनरूम आणि मीटर कुठे आहेत ते बघा. मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. तो टपरीच्या पत्र्यावर हात ठेवून दाखवेल.