पावसाळ्यात चिकटवलेली शेपटी

प्रश्न : लाकडी विमानाच्या आडव्या शेपटीला जुलैत प्लायवूड चिकटवलं. सोबत केलेला नमुना-जोड हाताने उकलला, लाकूड मात्र शाबूत. इपॉक्सी (दोन भाग मिसळून बनणारी चिकट) बाद होती का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : बहुधा नाही. चांगल्या जोडात लाकूड फाटतं, चिकटीची रेघ नाही. खानापूरच्या पावसात लाकूड ओलावा पितं. ओलावा-मापकावर ८ ते १२ टक्के दिसल्याशिवाय चिकटवू नका. प्लायवूडची चकाकी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा. मिश्रणाचं प्रमाणही तपासा. टी-८८ ही इपॉक्सी मापाने १:१ असते, पण वजनाने १०० रेझिनला ८३ हार्डनर. काट्यावर निम्मं-निम्मं घेतलं की हार्डनर जास्त होतो. क्लॅम्प करकचून आवळलात तर चिकट सगळी बाहेर; कडेला बारीक थेंब दिसले की थांबा.

ही शेपटी मात्र उडवायची नाही, प्लायवूडचं कातडं काढून पुन्हा करा.

वर काचेचं कापड (फायबरग्लास) लावणार असाल तर दमटपणाने इपॉक्सीवर येणारा मेणचट थर आधी पाण्याने धुवा, मग घासा. इपॉक्सी हात राखून वापरा. शेपटी गुरुत्वमध्याच्या ४ मीटर मागे असेल, तर तिथल्या जादा १०० ग्रॅमचा तोल साधायला गुरुत्वमध्याच्या १ मीटर पुढे ४०० ग्रॅम लागतात. रंगानंतर एलेव्हेटरचा (आडव्या शेपटीच्या हलत्या भागाचा) तोल पुन्हा तपासा, नाहीतर वेगात फडफड सुरू होऊ शकते.