वाचकांचे प्रश्न : नागपूरकरांनी सर्फिंग शिकायचे तर

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून धरमपेठेत राहते. माझ्या १३ वर्षांच्या मुलाला सर्फिंग शिकायचे आहे आणि त्याच्यासोबत मीही शिकावे, असे मनात आहे. आम्ही दोघेही तरणतलावात नियमित पोहतो. दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरत असून, नागपूरहून थेट गाडी असल्यामुळे चेन्नईकडेच जावे, असा यजमानांचा आग्रह आहे. तो योग्य आहे का? आणि तोवर इथे राहून कोणती तयारी करता येईल?

उत्तर : गाडीच्या सोयीने ठिकाण ठरवू नका, आधी ऋतू पाहा आणि मग ठिकाण निवडा. चेन्नईच्या दक्षिणेला असलेले कोवळम हे सर्फिंगसाठी नावाजलेले गाव आहे (केरळातले कोवळम वेगळे) आणि तेथे शिकवणारेही चांगले आहेत. परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो, बंगालच्या उपसागरात चक्रीवादळेही याच सुमारास होतात आणि समुद्र खवळला की वर्ग रद्द होतात. याउलट पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नवशिक्यांनी पाण्यात उतरूच नये अशी स्थिती असते. मात्र पाऊस ओसरल्यावर तोच समुद्र निवळतो आणि लाटा लहान व एकसारख्या येऊ लागतात. म्हणून दिवाळीसाठी मंगळूरजवळचे मुल्की, गोकर्ण किंवा गोवा यांपैकी एक निवडावे. प्रवास लांबचा होईल, पण हाती काही लागेल. भारतातील सर्फिंगचे पहिले वर्ग जेथे सुरू झाले त्यांपैकी मुल्की हे एक गाव असल्यामुळे माझा कल तिकडे आहे. यजमानांच्या चेन्नईचा विचार उन्हाळ्याच्या सुट्टीत जरूर करावा.

तारखा ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते आणि अमावास्येच्या आगेमागे समुद्राला उधाण असते. कर्नाटकच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मुंबईइतका मोठा नसतो हे खरे. तरीही घरची दिवाळी आटोपून कार्तिकातल्या अष्टमीच्या सुमारास गेलात, तर पाण्याची पातळी तासातासाला कमी बदलेल आणि शिकणे सोपे जाईल. वर्ग शक्यतो सकाळचाच घ्यावा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनीच पाठ केले आहेत; त्यांचा उपयोग येथे होतो. रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून वाहणारे मतलई वारे लाटेची समोरची बाजू गुळगुळीत ठेवतात, तर दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे तीच लाट विस्कटून टाकतात.

आता तयारीविषयी. फळीवर उभे राहणे हेच सर्फिंग, असा समज चित्रे पाहून होतो. प्रत्यक्षात पाण्यातला बहुतेक वेळ पालथे पडून हातांनी पाणी मागे लोटण्यात आणि लाटेची वाट पाहण्यात जातो, आणि पहिल्याच दिवशी भरून येतात ते खांदे. म्हणून तरणतलावात पोहण्याचे अंतर वाढवावे, भिंतीला हात न लावता सलग दोनशे मीटर पोहता येईल असे पाहावे आणि डोके पाण्याबाहेर ठेवून फ्रीस्टाइल पोहण्याचा सराव करावा. तलावात दर फेरीला भिंतीचा आधार मिळतो. समुद्रात तो नसतो, एवढे लक्षात ठेवून उभ्याने तरंगत राहण्याचाही सराव असावा.

उठण्याची क्रिया घरी सतरंजीवर करता येते. पालथे झोपून तळवे छातीच्या बाजूला टेकवावेत, सूर्यनमस्कारातल्या भुजंगासनाप्रमाणे छाती उचलावी आणि तेथून एकाच झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली आणावेत : एक पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. आधी गुडघ्यांवर येऊन मग उभे राहण्याची सवय बहुतेकांना लागते आणि पुढे ती सुटता सुटत नाही, म्हणून ती लागूच देऊ नये. नजर पायांकडे नको, समोर असावी. खाली पाहणारा खालीच जातो. समुद्रात फळीवर फार पुढे झोपलात तर तिचे टोक पाण्यात घुसते, फार मागे झोपलात तर लाट तुम्हाला न घेताच निघून जाते. टोक पाण्याच्या जेमतेम वर राहील, ती जागा बरोबर.

सुरुवातीचे दिवस लाट फुटल्यानंतरच्या, कमरेएवढ्या फेसाळ पाण्यातच काढावेत. फळी आठ-नऊ फुटांची, वरून मऊ फोमची मागावी. तिची दोरी मागे राहणाऱ्या पायाच्या घोट्याला बांधतात. पडताना अंग आडवे टाकावे, कारण खालची वाळू वाटते त्याहून जवळ असते, आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरावेत. फळी कधीही लाट आणि स्वतः यांच्या मध्ये धरू नये. लाट ती थेट तोंडावर आणते. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसला, तर तेथून पाणी समुद्राकडे ओढले जात असण्याची शक्यता असते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये; फळी न सोडता किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे. मुलाला हे निघण्यापूर्वीच समजावून सांगा.

प्रश्न : फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर फळी नेऊन सराव करता येईल का? जुनी फायबरची फळी स्वस्तात मिळते आहे, ती घ्यावी का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, मानेवाडा)

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही. सर्फिंगला लागणारी लाट वाऱ्यापासूनच तयार होते, पण त्यासाठी तो वारा शेकडो किलोमीटर उघड्या पाण्यावरून सतत वाहावा लागतो. उन्हाळ्यात चेन्नईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा तर हजारो किलोमीटर दक्षिणेकडच्या वादळांत जन्मलेल्या असतात. मे महिन्यातल्या आपल्या वावटळीने अंबाझरीवर फार तर तरंग उठतील, शिवाय या तलावांत पोहणे धोक्याचे आहे ते वेगळेच. आखूड, कडक फळी नवशिक्याखाली स्थिर राहत नाही आणि लागली तर जखम करते. वर्गाच्या शुल्कात फळी बहुधा मिळतेच. पैसे वर्गासाठी ठेवा. प्रशिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचे प्रमाणपत्र आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या.

प्रश्न : मला जाड भिंगांचा चष्मा आहे. (वाचक, महाल)

उत्तर : चष्मा किनाऱ्यावरच ठेवावा लागेल. कॉन्टॅक्ट लेन्स पहिल्या गटांगळीतच वाहून जाण्याचा संभव असतो आणि समुद्राच्या पाण्याने डोळ्यांना संसर्गही होऊ शकतो. नंबरचे, पट्ट्याने घट्ट बसणारे जलक्रीडेचे गॉगल करून घेता येतात; त्यासाठी आपल्या नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. येणारी लाट नीट दिसत नाही, हे प्रशिक्षकाला आधीच सांगावे, म्हणजे तो तुमच्याजवळ उभा राहून योग्य क्षणी हाक देईल.