३१ टक्के कोणाच्या नावावर?

प्रश्न: नऊ वर्षं एका साध्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या) दरमहा पैसे टाकतोय. मुलीच्या उच्च शिक्षणासाठी ते आणखी दहा वर्षांनी लागतील. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका फंडाने नाव बदलून त्यात ‘एआय’ घातलं. त्याचा वर्षाचा परतावा ३१ टक्के, माझ्या फंडाचा १४. सगळी रक्कम तिकडे वळवू का?

उत्तर: वळवू नका. कारण तुमच्याच पत्रात आहे. नाव सहा महिन्यांचं आणि परतावा मात्र बारा महिन्यांचा! तुम्ही पाठवलेल्या फॅक्टशीट, म्हणजे दोन्ही फंडांची माहितीपत्रकं, शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे जुन्या नावाखाली, हा फंड सुमारे २४ टक्के वाढला. नवं नाव लागल्यापासून सहा टक्क्यांच्या आत. तुमच्या इंडेक्स फंडानेही त्या काळात जवळपास तेवढंच दिलंय. शिवाय नव्या नावाच्या फंडातले पहिल्या दहापैकी सात शेअर तुमच्याकडे आधीपासून आहेतच.

यात तुम्ही भोळे ठरता असं नाही. अमेरिकेत कूपर, गुलेन आणि राऊ या अभ्यासकांनी २००५ मध्ये अशाच फंडांचा हिशेब मांडला होता. त्या वेळी चलती असलेल्या गुंतवणुकीच्या प्रकाराचं नाव घेतल्यावर वर्षभरात फंडांकडे नेहमीपेक्षा जादा पैसा आला, सरासरी त्यांच्या एकूण रकमेच्या २८ टक्के. कामगिरी सुधारली नाही. गंमत म्हणजे, नावाप्रमाणे आतली गुंतवणूक बदललेल्या आणि न बदललेल्या, दोन्ही फंडांकडे लोक सारखेच धावले. त्याआधी, इंटरनेट कंपन्यांच्या तेजीत, नावात ‘डॉटकॉम’ जोडणाऱ्या कंपन्यांचे शेअर असेच उसळले होते. फुगा फुटल्यावर ते शेपूट कापून टाकणाऱ्यांचेही भाव वाढले!

नाव बदलणं म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणत नाही. धोरण खरंच बदललं तर नावही बदलायला हवं. पण मग जुन्या धोरणाचा परतावा नव्या नावाखाली वाचायचा नाही, एवढंच.

आता खर्च. तुमचा फंड वर्षाला ०.२ टक्के घेतो, तो १.५ टक्के. खर्चाआधी दोघांनीही ८ टक्के मिळवले असं धरलं, तर आजचे १०० दहा वर्षांनी तुमच्याकडे साधारण २१२ होतात, तिकडे १८८. विकताना लागणारा कर यात धरलेलाच नाही. हा फरक भरून काढायचा तर त्या व्यवस्थापकाला दर वर्षी बाजारावर मात करावी लागेल, आणि सातही शेअर सारखेच असताना ती कशाच्या जोरावर करणार, हे मला दिसत नाही.

एक नाव मात्र तुमच्या कामी आलंय. पत्रात तुम्ही या पैशांना सगळीकडे ‘लेकीचे पैसे’ म्हटलंय. मधल्या काळात नोकरी गेली, उसनवारी केलीत, पण याला हात लावला नाहीत. खात्यात साधं ‘शिल्लक’ लिहिलं असतं तर हे जमलं असतं का, मला शंका आहे. ते लेबल राहू द्या.

एआयची हौस असेलच, तर पुढच्या बचतीतला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यातून लावा. तेव्हाही आधी फंडाचं नाव झाकून शेअरची यादी आणि खर्च, एवढंच बायकोला दाखवा. तिने जे विचारलं, ते मला कळवा.