देवळांतील शिल्पे टिपण्यासाठी कॅनन की सोनी?

प्रश्न : स.न.वि.वि. मी इतिहासाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो असून नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील यादवकालीन मंदिरे, वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड) व शिलालेख यांच्या नोंदी ठेवत असतो. आजवरची छायाचित्रे मोबाइलवर काढली. परंतु शिखराजवळच्या आणि मंडोवराच्या (मंदिराच्या बाहेरील भिंतीच्या) वरच्या थरांतील मूर्ती त्यात धुरकट येतात. पुढेमागे या नोंदींची लहानशी पुस्तिका छापावी असा विचार आहे. पाठीच्या दुखण्यामुळे मोठा कॅमेरा आणि लेन्सची पिशवी वागवणे मला शक्य नाही, म्हणून खिशात मावणारा कॅमेरा हवा आहे. चौकशीअंती कॅनन पॉवरशॉट जी7 एक्स मार्क 3 आणि सोनी आरएक्स100 मार्क 7 अशी दोन नावे उरली. दुकानदाराचे म्हणणे असे की, देवळात अंधार असतो, कॅननची लेन्स जास्त उजेड घेते, तेव्हा तोच घ्यावा. शिवाय तो स्वस्तही आहे. माझा भाचा मात्र सोनीचाच आग्रह धरतो, पण कारण नीट सांगू शकत नाही. आपला सल्ला काय?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपण कामाचे स्वरूप इतके नेमके कळवले आहे की उत्तरही नेमके देता येईल. दोन्ही कॅमेरे 2019 च्या जुलै महिन्यात जाहीर झाले. दोन्हींचा सेन्सर (चित्र टिपणारा आतला तुकडा) एक इंची म्हणून ओळखला जाणारा, म्हणजे प्रत्यक्षात 13.2 गुणिले 8.8 मिलिमीटरचा आहे, दोन्हींत सुमारे दोन कोटी पिक्सेल आहेत आणि वजनही जवळपास सारखेच, 300 ग्रॅमच्या आसपास आहे. त्यामुळे समोरून, पुरेशा उजेडात काढलेले एकाच मूर्तीचे छायाचित्र कोणत्या कॅमेऱ्याचे हे पुस्तिकेत छापल्यावर ओळखता येणार नाही. खरा फरक लेन्समध्ये आहे. कॅननची लेन्स 24 ते 100 मिलिमीटर आणि एफ 1.8 ते 2.8 अशी आहे, तर सोनीची 24 ते 200 मिलिमीटर आणि एफ 2.8 ते 4.5 अशी. मिलिमीटरचा आकडा जितका मोठा तितके लांबचे जवळ दिसते, आणि एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे व उजेड जास्त. म्हणजे एकात उजेड जास्त मिळतो, दुसऱ्यात पल्ला जास्त मिळतो. इतक्या लहान कॅमेऱ्यात दोन्ही एकत्र बसत नाहीत.

दुकानदाराने सांगितलेली गोष्ट खरी आहे, पण ती आपल्या कामाला फारशी लागू पडत नाही. सभामंडपात रुंद कोनातून खांबांचे छायाचित्र घेताना कॅननला एफ 1.8 वर सेकंदाचा साठावा भाग पुरत असेल, तर तेवढ्याच आयएसओवर (सेन्सरच्या उजेड-संवेदनशीलतेवर) सोनीला एफ 2.8 मुळे अधिक वेळ, म्हणजे सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग लागेल. माणसे हलत असतील, म्हणजे संध्याकाळची आरती, भजन किंवा पालखी असेल, तर हा फरक मोठा ठरतो आणि तिथे मी निःसंकोचपणे कॅनन सुचवला असता. दगडी खांब हलत नाही. हलतो तो आपला हात, आणि त्या कंपनावर उपाय म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये स्थिरीकरणाची सोय आहे. श्वास रोखून, कोपरे अंगाशी धरून किंवा खांद्याने खांबाला टेकून उभे राहिल्यास रुंद कोनात पंचविसाव्या भागाला, बहुतेक वेळा दहाव्या भागालाही, छायाचित्र नेटके येते.

याला जोडून आणखी एक मुद्दा आहे, जो विक्रीच्या बोलण्यात सहसा येत नाही. देवकोष्ठातील (भिंतीतल्या कोनाड्यातील) मूर्ती सपाट नसते. तिचा गुडघा पुढे असतो, प्रभावळ मागे असते आणि आपल्याला दोन्ही स्पष्ट हवे असतात. कॅननची लेन्स 100 मिलिमीटरवर नेऊन दीड मीटर अंतरावरून एफ 2.8 वर छायाचित्र घेतले, तर सुमारे दहा सेंटिमीटर खोलीपुरताच भाग नेटका येतो आणि त्यापुढचे-मागचे कोरीवकाम मऊ पडते. एफचा आकडा वाढवला, म्हणजे छिद्र आवळले, की ही खोली वाढते. म्हणून कोणताही जाणकार इथे एफ 5.6 पर्यंत जाईल, आणि 5.6 वर गेल्यानंतर दोन्ही कॅमेरे उजेडाच्या बाबतीत एका पंक्तीला येऊन बसतात. ज्या उजळ लेन्ससाठी कॅनन घ्यायचा, ती आपल्या कामात बहुतेक वेळ आवळूनच वापरावी लागणार आहे. (एफ 8 च्या पुढे मात्र कोणत्याही कॅमेऱ्यात जाऊ नये, एवढ्या लहान सेन्सरवर त्यापुढे सगळेच चित्र किंचित मऊ पडू लागते.)

आता पल्ल्याकडे वळू, कारण आपली तक्रार मुळात तिथलीच आहे. आपल्या गावचे गोंदेश्वराचे मंदिरच घ्या. जोत्यावर उभे राहून वर पाहिले तर शिखरावरच्या लहान-लहान शिखरांच्या रांगा वाकड्या दिसतात, म्हणून मागे सरकून पटांगणातून टिपावे लागते, आणि मागे सरकलो की अंतर वाढते. समजा, सुमारे 12 मीटरवरून दोन फूट उंचीची एखादी मूर्ती टिपायची आहे. सोनीच्या 200 मिलिमीटरवर ती मूर्ती साधारण 1,500 पिक्सेल उंच येईल. कॅननच्या 100 मिलिमीटरवर निम्मी, म्हणजे 750 च्या आसपास. छपाईसाठी इंचाला 300 बिंदू हे नेहमीचे प्रमाण धरले, तर पहिली मूर्ती पुस्तिकेत पाच इंच उंच छापता येईल आणि दुसरी अडीच इंच. पाच इंचांत हातातली आयुधे ओळखू येतात, अडीच इंचांत ती वाचकाला शोधावी लागतात. मूर्ती कोणाची, हे आयुधांवरूनच ठरत असल्याने आपल्या पुस्तिकेसाठी हा फरक निर्णायक आहे असे मला वाटते. कमी उजेडाची भरपाई हात स्थिर ठेवून करता येते. कमी पडलेला पल्ला नंतर संगणकावर कितीही मोठा केला तरी भरून निघत नाही.

दुसरे कारण व्ह्यूफाइंडरचे. सोनीच्या कोपऱ्यातून एक लहान व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, वर येतो, कॅननला तो नाही. दुपारी उघड्या पटांगणात मागच्या पडद्यावर स्वतःच्या सदऱ्याचे प्रतिबिंबच अधिक दिसते आणि मूर्तीच्या चेहऱ्यावर फोकस बसला की नाही हे कळत नाही. शिवाय आपल्या वयात जवळचे पाहायला चष्मा लागत असणार. व्ह्यूफाइंडरला नंबर जुळवण्याची सोय असल्याने चष्मा न लावताही चित्र स्वच्छ दिसते, आणि कॅमेरा डोळ्याला टेकवल्यामुळे हाताला आपोआप तिसरा आधार मिळतो. लांबच्या पल्ल्यावर तो आधार फार उपयोगी पडतो.

फोकसच्या बाबतीतही सोनी सरस आहे. कॅनन केवळ उजेड-अंधारातील भेदावरून फोकस शोधतो, त्यामुळे मंद प्रकाशातल्या काळ्या, तेल लागलेल्या पाषाणावर तो कधी कधी पुढे-मागे चाचपडत राहतो. सोनीत त्याच्या जोडीला दुसरी, अधिक जलद पद्धत आहे. तरीही कोणत्याही कॅमेऱ्यात फोकसची चौकट मूर्तीच्या गुळगुळीत पोटावर न ठेवता मुकुटाच्या किंवा मेखलेच्या कोरीव कडेवर ठेवावी.

कॅननच्या जमेच्या बाजूही सांगितल्या पाहिजेत. त्याला पुढे बोटांना पकड मिळेल असा उंचवटा आहे, तर सोनीचे अंग गुळगुळीत असून तो हातातून निसटण्याची भीती असते, म्हणून मनगटाची दोरी घातल्याशिवाय तो वापरू नये. कॅननमध्ये उजेड कमी-जास्त करण्याची चकती वरच आहे. सोनीत त्यासाठी थोडी सवय करावी लागते आणि त्याचा मेन्यू पहिले काही आठवडे गोंधळात टाकतो. कॅननचे चार्जिंग हल्लीच्या मोबाइलसारख्या टाइप-सी केबलने होते, सोनीला जुनी मायक्रो यूएसबी लागते. बॅटरी दोघांचीही तोकडीच आहे: प्रमाणित चाचणीत कॅननची सुमारे 235 आणि सोनीची सुमारे 260 छायाचित्रांपुरती. दिवसभराच्या भटकंतीला किमान एक जादा बॅटरी हवीच.

किमतीचा प्रश्न उरतो. सोनी बराच महाग आहे आणि प्रत्येकाने तेवढा खर्च करावा असे मी म्हणणार नाही. मात्र आपल्यासाठी एक मधला मार्ग आहे, जो दुकानात कोणी सुचवणार नाही. याच मालिकेतील 2018 सालच्या आरएक्स100 मार्क 6 मध्ये हीच 24 ते 200 ची लेन्स आणि असाच व्ह्यूफाइंडर आहे. मार्क 7 मध्ये भर पडली ती मुख्यतः अधिक चपळ फोकसची आणि बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याच्या सोयीची. उभ्या शिल्पाला चपळाईची गरज नाही आणि आपल्याला ध्वनिमुद्रण करायचे नाही. चांगल्या स्थितीतला मार्क 6 वापरलेला मिळाला तर तो जरूर पाहावा. घेण्यापूर्वी लेन्स पाच-सहा वेळा आत-बाहेर करून अडखळते का ते बघावे आणि एफ 8 वर निरभ्र आकाशाचे छायाचित्र काढून ते संगणकावर पूर्ण मोठे करून पाहावे. त्यात राखाडी ठिपके दिसले तर आत धूळ गेली आहे असे समजावे. अशा कॅमेऱ्याची लेन्स काढता येत नसल्याने ती घरी साफ होत नाही. नवा घेणार असाल तर जीएसटीसह पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी मिळत असेल तरच घ्यावा. समाजमाध्यमांमुळे कॅननच्या या मॉडेलला अलीकडे मोठी मागणी आली असून तुटवड्याच्या काळात बाहेरून आणलेले, वॉरंटी नसलेले नग चढ्या भावाने विकले जातात. दुकानदाराने सांगितलेला स्वस्तपणा प्रत्यक्ष बिलावर कितपत उरतो, तेही तपासावे.

कॅमेरा कोणताही घेतलात तरी वीरगळ आणि शिलालेख यांच्या बाबतीत एक विनंती आहे. त्यांचे कोरीवकाम उथळ असते आणि समोरून पडणाऱ्या उजेडात ते सपाट दिसते. कॅमेऱ्यातला फ्लॅश नेमका समोरूनच पडतो, म्हणून तो बंदच ठेवावा. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर, प्रकाश दगडाला चाटून जात असताना, छायाचित्र घ्यावे. तशी वेळ साधता येत नसेल तर सोबत्याला दगडाच्या डाव्या बाजूला एक हात अंतरावर, जवळजवळ दगडाच्या पातळीत विजेरी धरायला सांगावी. झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसलेल्या ओळीही वाचता येतात. एकदा डावीकडून, एकदा वरून अशी दोन छायाचित्रे घ्यावीत, कारण आडव्या रेषा एका उजेडात उठतात आणि उभ्या दुसऱ्या. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी आगाऊ परवानगी लागते. तेव्हा धान्य भरलेली छोटी कापडी पिशवी सोबत ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. छताचे वितान टिपताना कॅमेरा त्याच पिशवीवर उताणा ठेवून मोबाइलवरील अ‍ॅपमधून बटण दाबता येते.

खिद्रापूरला कधी गेलात तर तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात याच कॅमेऱ्यांची खरी परीक्षा होते: वर उघडे गोल आकाश आणि खाली सावलीतले खांब. अशा ठिकाणी रॉ प्रकारात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात) छायाचित्र घ्यावे आणि आकाश पांढरे फटक होणार नाही एवढाच उजेड घ्यावा. खांबांतला तपशील नंतर संगणकावर वर काढता येतो, फटक झालेले आकाश परत येत नाही. ही सोय दोन्ही कॅमेऱ्यांत आहे, मोबाइलच्या नेहमीच्या छायाचित्रात ती एवढी मिळत नाही.

तेव्हा माझा सल्ला सोनी, आणि खर्च आवरायचा असल्यास मार्क 6. कॅनन तेव्हाच घ्यावा, जेव्हा आपल्या नोंदींत मूर्तींपेक्षा यात्रा, कीर्तने आणि माणसे अधिक येणार असतील.

प्रश्न : आम्ही किनाऱ्याजवळ राहतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागली. याच प्रकारच्या लहान कॅमेऱ्यांपैकी दमट हवेत टिकाऊ कोणता?
– एक वाचक, देवगड

उत्तर : वरच्या दोन्ही कॅमेऱ्यांना धूळ किंवा पाण्यापासून संरक्षण देणारे आवरण नाही, त्यामुळे या निकषावर त्यांत डावे-उजवे करता येत नाही, टिकाऊपणा ठेवण्याच्या पद्धतीवर ठरेल. कॅमेरा चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवणे सर्वांत घातक, कारण चामडे ओलावा धरते. हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेल ठेवावे आणि दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून कोरडे करून पुन्हा वापरावेत. डब्यात आर्द्रतामापक ठेवता आला तर काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. बुरशी लागलेला जुना कॅमेरा त्याच डब्यात ठेवू नये. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढला तर लेन्सवर दव धरते. तो पिशवीतच बंद राहू देऊन अर्ध्या तासाने काढावा. पावसाळ्यात महिनोन्‌महिने न वापरता ठेवलेल्या कॅमेऱ्यालाच बुरशी अधिक लागते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी तो बाहेर काढून लेन्स पुढे-मागे करावी आणि चार छायाचित्रे घ्यावीत.