वेग अकरा एमबीवरच का अडतो?

प्रश्न : घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरला यूएसबी डिस्क जोडून सांबावर (लिनक्सवरच्या फाइली विंडोजला देणारं सॉफ्टवेअर) फाइल शेअरिंग सुरू केलंय. विंडोज ११ च्या पीसीवरून कॉपी करताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जातच नाही. राउटर गिगाबिटचा आहे, दोन्हीकडे केबल आहे. सांबाच्या कॉन्फिगमध्ये ‘सॉकेट ऑप्शन्स’च्या ओळी टाकून पाहिल्या, फरक शून्य. फोटोंचे फोल्डर तर त्याहून हळू जातात. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमचा ११ हा आकडाच दुखणं सांगतो. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट; ८ बिट म्हणजे एक बाइट) लिंक कागदावर सेकंदाला १२.५ एमबी (मेगाबाइट) देते, हाती ११ ते ११.५ पडतात. म्हणजे वाटेत कुठेतरी लिंक गिगाबिटऐवजी १०० वर जुळली आहे. सांबाशी झटापट करून उपयोग नाही.

विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, पायवर ‘एथटूल’ ही कमांड तेच सांगेल. जिथे १०० दिसेल तिथली केबल आधी बदला. १०० ला केबलमधल्या आठपैकी १, २, ३ आणि ६ या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एखादी कनेक्टरमध्ये नीट क्रिंप (दाबून घट्ट) झाली नसेल, तरी नेट चालू राहतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. भिंतीतली केबल असेल तर दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे बसवा. महागड्या केबलची गरज नाही, कॅट-५ई पुरते.

मग दोन्हीकडे ‘आयपर्फ३’ हे नेटवर्कचा वेग मोजणारं टूल चालवा. ९४० एमबीपीएसच्या आसपास आलं की नेटवर्क निर्दोष, आणि मोठी फाइल ११० एमबीच्या जवळपास जायला हवी. नाही गेली, तर डिस्क पाहा. ती पायच्या निळ्या पोर्टमध्येच हवी; काळ्या यूएसबी २ पोर्टवर ४० एमबीच्या आतच अडकते. डिस्क एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) असेल तर पायच्या प्रोसेसरवर भार पडू शकतो. एक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) बरं, पण फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, आधी बॅकअप घ्या.

त्या ‘सॉकेट ऑप्शन्स’ ओळी काढून टाका. बफरचा (डेटा क्षणभर ठेवायच्या जागेचा) आकार लिनक्स स्वतःच गरजेप्रमाणे वाढवतं. त्या ओळींनी तो एका आकड्यावर बांधला जातो. जंबो फ्रेमच्याही (नेटवर्कवर डेटाचे नेहमीपेक्षा मोठे तुकडे पाठवणं) नादी लागू नका : एखाद्या जरी उपकरणाला त्या जमत नसतील तर कॉपी मध्येच लटकते.

फोटोंचं कारण वेगळं. प्रत्येक फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं यासाठी पीसी आणि पायमध्ये निरोपांच्या फेऱ्या होतात; फाइल लहान असली की त्यातच वेळ जातो. एकावेळी अनेक फाइली पाठवा : विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करायच्या कमांडला ‘/एमटी:१६’ (/MT:16) द्या. जुने, न लागणारे फोटो झिप करूनच ठेवा.