नऊ गुण, सोळा गुण आणि ग्राव

गोव्यात डिचोलीतील माझ्या समुपदेशन-खोलीत येणारे पालक फेब्रुवारी उजाडला की जवळजवळ ठरल्याप्रमाणे एकच तक्रार मांडतात. "मागच्या टेस्टला बरे मार्क होते, आता एकदम घसरले, हिचं लक्ष कुठं लागलंय ते तुम्ही शोधून काढा." मुलांची नावे बदलतात, तालुका बदलतो, विषय मात्र बहुतेक वेळा गणितच असतो. या तक्रारीला मी इतक्यांदा एकेकट्याने उत्तर दिले आहे की आता ते लिहून ठेवणे बरे, असे वाटते. त्यासाठी शेजारच्या सत्तरी तालुक्यातील एका कुटुंबाची हकीकत, ओळख पटणार नाही इतपत बदलून, येथे सांगते.

सायली नववीत होती. वडिलांची काजूच्या बोंडांपासून दारू गाळण्याची भट्टी, आई घरी शिवणकाम करणारी. शिकवणीत दर आठवड्याला गणिताची २० गुणांची चाचणी होत असे आणि वडील ते गुण एका वहीत तारखेसह लिहून ठेवीत. वही त्यांनी पुराव्यासारखी माझ्यासमोर ठेवली. आठ आठवड्यांचे गुण असे होते: १३, ९, १४, १६, १२, १५, ११, १४.

"बाई, हे बघा. नऊ पडले तेव्हा मी चांगलाच ओरडलो, तर पुढच्या वेळी चौदा. सोळा पडले म्हणून कौतुक केलं, सायकल घेऊन दिली, तर लगेच बारा. म्हणजे हिला गोड बोलून भागत नाही, हे सरळ दिसतं."

सायली खिडकीबाहेर बघत होती. पुढे दोन भेटींनंतर ती जे बोलली ते मला त्या पहिल्या दिवशीच ऐकू यायला हवे होते. ती म्हणाली, "पपांचं खरंच आहे. मार बसल्याशिवाय मी अभ्यासच करत नाही." चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःविषयी काढलेला हा निष्कर्ष माझ्या दृष्टीने त्या वहीतील कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक काळजीचा होता.

माणसाला त्रास घटनेपेक्षा त्या घटनेला दिलेल्या अर्थामुळे होतो, असे मानणाऱ्या विचारसरणीत मी घडले आहे, त्यामुळे माझा हात आधी अर्थाकडेच जातो. येथे अर्थ लावण्याआधी आकडाच तपासणे आवश्यक होते. परीक्षेत मिळालेला गुण म्हणजे विद्यार्थ्याची खरी क्षमता अधिक त्या दिवशीची चूकभूल, ही मांडणी चार्ल्स स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये केली आणि शैक्षणिक मापनाचे पुढचे बरेचसे शास्त्र तिच्यावर उभे राहिले. प्रश्न नेमके तयारीच्या धड्यातले येणे, रात्री झोप न होणे, तपासणाऱ्याचा हात सढळ किंवा आखडता असणे, घाईत बेरीज चुकणे, असे सारे काही त्या चूकभुलीत येते. त्यातील काही गुण वाढवते, काही घटवते, आणि कोणत्या दिवशी काय घडेल याला नियम नसतो.

तपासणाऱ्याचा हात हा भाग तर पालकांना मुळीच पटत नाही, म्हणून मी त्यांना एक जुना प्रयोग सांगते. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांकडे पाठवली. १४२ शिक्षकांनी ती १०० पैकी तपासली आणि त्यांनी दिलेले गुण ६४ पासून ९८ पर्यंत पसरले. भाषेत असे होणारच, असा आक्षेप आला, तेव्हा पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका तशीच पाठवली. तेथे फरक त्याहूनही मोठा निघाला.

सायलीच्या आठ गुणांची सरासरी बरोबर १३ येते, आणि आठपैकी सहा गुण ११ ते १५ या पट्ट्यात बसतात. २० गुणांच्या छोट्या चाचणीत दोन गुण इकडे किंवा तिकडे होणे ही तिची चंचलता नसून त्या मोजमापाचा स्वभाव आहे. समजा वर्गातील गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात ते, ३.५ आहे आणि चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजले तर निकाल कितपत तसाच येईल ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, ०.६० आहे, जी छोट्या घरगुती चाचणीसाठी वावगी नाही, तर एका गुणाभोवतीची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो गुण खऱ्या पातळीपासून साधारण किती चुकतो ते, सुमारे २.२ येते. दोन चाचण्यांची तुलना करताना दोन्हींची त्रुटी एकत्र येते आणि ती ३ च्या पुढे जाते. बारा आणि पंधरा यांच्यातील फरकाला ‘प्रगती’ म्हणणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

आणि ओरडण्याचा परिणाम? नऊ हा सायलीच्या पातळीच्या मानाने फारच खालचा आकडा होता. म्हणजे त्या दिवशी चूकभुलीने बहुधा तिच्या विरुद्ध कौल दिला होता. पुढच्या आठवड्यात तोच कौल पुन्हा तितकाच विरुद्ध पडण्याची शक्यता कमी, म्हणून वडील ओरडोत वा गप्प बसोत, गुण वर येण्याचीच शक्यता अधिक. सोळाचे याच्या उलट. टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप सरासरीकडे सरकते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून १८८६ मध्ये दाखवले होते. शिक्षा साहजिकच वाईट आकड्यानंतर होते आणि कौतुक चांगल्यानंतर, त्यामुळे शिक्षा फळाला येते आणि कौतुकाने मूल बिघडते, असा भास घराघरात तयार होतो. माझ्या मते आपल्याकडील ‘छडी लागे छमछम’वरच्या श्रद्धेचा निम्मा आधार या भासातच आहे. हे मी कोणत्याही अभ्यासाच्या बळावर म्हणत नाही. पंचवीस वर्षे पालकांच्या समोर बसून म्हणते.

हे सारे वडिलांना समजावण्याचा माझा पहिला प्रयत्न साफ फसला. मी ड्रॉवरमधून लुडोचे दोन फासे काढले, त्यांना टाकायला लावले आणि म्हटले, "कमी दान पडलं की फाशाला ओरडा." तीन पडले, ते हसत ओरडले, पुढचे दान आठाचे पडले. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "बाई, फासा म्हणजे पोर नव्हे." त्यांचे बरोबर होते. मुलीचे गुण निव्वळ दैवावर चालतात, असा माझ्या खेळाचा अर्थ निघत होता, आणि तो चुकीचाच होता.

मार्चमध्ये ते आले तेव्हा काजूचा हंगाम भरात होता आणि त्यांच्या अंगाला बोंडांचा वास येत होता. मी सहज विचारले, की हुर्राक किंवा फेणी, म्हणजे काजूची पहिल्या धारेची सौम्य आणि पुन्हा गाळलेली कडक दारू, किती कडक आहे हे तुम्ही कसे ठरवता? ते खुलले. ग्राव नावाची काचेची नळी द्रवात सोडायची, ती किती बुडते त्यावरून आकडा वाचायचा.

"एकदाच लावता?"

"एकदाच कसं लावणार? भट्टीवरून उतरलेलं गरम असतं. गरम असताना ग्राव जास्त दाखवतो. निवल्यावर लावायचा. आणि वरचं वेगळं दाखवतं, खालचं वेगळं, म्हणून ढवळून दोनतीनदा..."

येथे ते थांबले. मीही थांबले. समुपदेशकाने गप्प बसावे अशा फार थोड्या जागा असतात आणि ती जागा ओळखता येणे, हे मला एवढ्या वर्षांत जमलेले आहे, असे म्हणण्याची मुभा मी घेते. त्यांनी वही स्वतःकडे ओढली, आकड्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "म्हणजे मी दर आठवड्याला गरम गरम ग्राव लावत होतो."

नंतर मी फक्त भर घातली. त्यांच्या उदाहरणात दोन वेगळ्या चुका होत्या. न ढवळल्यामुळे आकडा कधी वर, कधी खाली जातो. ही चूक अनेक मोजमापांच्या सरासरीत बरीचशी विरते. स्पिअरमन आणि ब्राउन यांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या सूत्राप्रमाणे ०.६० विश्वसनीयतेच्या चार समान चाचण्या एकत्र धरल्या तर विश्वसनीयता सुमारे ०.८६ होते. म्हणून पालकांना मी सांगते, की चार चाचण्यांच्या बेरजेखेरीज चर्चा करू नका, आणि अशा दोन बेरजा सलग खाली गेल्या तरच शिक्षकांना भेटा. गरम द्रवाची चूक वेगळी. ती दरवेळी एकाच दिशेने ओढते आणि शंभरदा मोजूनही सरासरीत तशीच राहते. सतत हात आखडून तपासणारा शिक्षक किंवा गणिताच्या पेपरात अवघड इंग्रजी वाचायला लावणारे प्रश्न, यांचे असेच असते. हाच इशारा मी स्वतःलाही देते. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलाला एकाच कल-चाचणीच्या बळावर मी विज्ञान शाखा सोडायला सांगितले होते, आणि तो सल्ला आठवला की आजही मान खाली जाते.

ओरडणे थांबले. एप्रिलपर्यंत गुण तसेच वरखाली होत राहिले, सरासरी तेरा-चौदाच. सायली मात्र नऊ-दहा पडले तरी वर्गातून घरी यायला घाबरेनाशी झाली.

आतापर्यंत आई फारशी बोललीच नव्हती. शेवटच्या भेटीला तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात वर्षभराच्या उत्तरपत्रिका घड्या घालून ठेवलेल्या होत्या. "मला गणित येत नाही," ती म्हणाली, "पण तांबडी गोल खूण कुठं कुठं आहे ते मी बघितलं." तिने अकरा उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या. सोळा गुणांच्या आणि नऊ गुणांच्या, दोन्ही उत्तरपत्रिकांत, समीकरणातील पद दुसऱ्या बाजूला नेताना उणे चिन्ह तसेच राहिले होते. अकरापैकी नऊ उत्तरपत्रिकांत ती खूण त्याच जागी होती. आम्ही तिघांनी तीन महिने बेरजा आणि सरासऱ्यांवर घालवले होते आणि एकानेही उत्तरपत्रिका उघडली नव्हती.

सायलीने डब्यातला एक कागद उचलला, पेन्सिल मागितली आणि तेथेच ते उदाहरण पुन्हा सोडवायला बसली.