हूगुमाँ कापण्याआधी एक गणित करा

वॉटर्लूची लढाई टेबलावर खेळण्यासाठी तुम्ही करत असलेल्या मांडणीचा फोटो पाहिला. ६ मिमी उंचीच्या सैनिकांची रंगवलेली फ्रेंच पलटण, शेजारी हूगुमाँचं, म्हणजे रणभूमीवरच्या त्या भिंतींच्या वाड्याचं, अर्धवट कापलेलं अंगण, आणि खाली प्रश्न : बागेची भिंत फोमची करू की कार्डाची? पोटात गोळाच आला. हेच अंगण, हीच भिंत मी केली होती. भिंत कशाचीही करा हो, पण या आठवड्यात करू नका.

सैनिकांच्या पट्ट्या सुट्या कशा करायच्या, प्रायमर कसा मारायचा वगैरे तुम्हाला येतंच, फोटोत दिसतंय. थेट मुद्द्यावर येतो.

तुमचा बेस, म्हणजे सैनिक ज्यावर चिकटवतात तो तुकडा, ६० मिमीचा दिसतो. त्यावर एक पलटण म्हणजे साधारण सहाशे माणसं, फ्रेंचांच्या तीन रांगांत उभी. म्हणजे एका रांगेत दोनशे, खांद्याला खांदा लावून, जवळपास १२० मीटर. ६० मिमीत १२० मीटर, म्हणजे तुमची जमीन १:२०००. आणि सैनिक? ते १:३००. नेमकी इथेच मेख आहे, आणि मला ती सगळं बांधून झाल्यावर कळली.

हूगुमाँची भिंतीतली बाग सुमारे दोनशे यार्ड लांब. सैनिकांच्या मापाने बांधली तर ६० सेंटिमीटर होते. जमिनीच्या मापाने फक्त ९. मी सैनिकांच्या मापाने बांधली. वाडा, कोठार, चॅपेल, सगळं. उत्तरेचं ते प्रसिद्ध फाटक तर कागदी बिजागऱ्या लावून उघडझाप होणारं केलं. अख्खा हिवाळा गेला त्यात. मग त्याच उत्साहात रणभूमीवरचं दुसरं ठाणं, ला ए सेंतचं शेतघर, तेही त्याच मापाने बांधलं.

दोन्ही टेबलावर ठेवली तेव्हा डोळे उघडले. या दोन जागांमध्ये प्रत्यक्षात किलोमीटरभर अंतर, म्हणजे माझ्या टेबलावर ५० सेंटिमीटर. ते एकट्या बागेने गिळलं आणि वर आणखी मागत होती! आता १८ जून १८१५ च्या दुपारी चारच्या सुमारास नेपोलियनच्या मार्शल नेयने घोडदळ सोडलं ते याच पट्ट्यातून. पुढे जनरल मिलोचे चिलखती घोडेस्वार, मागून एकेक तुकडी, शेवटी हजारोंनी घोडे. माझ्या वॉटर्लूत त्यांना वाटच नव्हती. आणि बागेत ती राखणाऱ्या ब्रिटिश गार्ड्सचे दोन बेस ठेवले तर जत्रा उठल्यावर मैदानात चुकलेली माणसं वाटायची.

मी पूर्ण बेसावध होतो असंही नाही. घरांचा आराखडा विकत घेताना विक्रेत्याला तीनदा विचारलं होतं की सगळं मिळून टेबलावर किती लांबीरुंदी लागेल. तिन्ही वेळा उत्तर एकच : 'सहा मिमीला चालेल.' अहो, चालेल म्हणजे काय? दरवाजातून सैनिक आत जाईल, एवढंच ना? लढाई दरवाजाच्या उंचीवर ठरत नाही! असो. त्याचं नाव घेत नाही, आणि चूक शेवटी माझीच.

आता मी काय करतो ते सांगतो. तज्ज्ञ म्हणून नाही, हात पोळलेला म्हणून. आधी जाड कागदावर जमिनीच्या मापाने जागा कापतो. बाग ९ सेंमी, पलीकडची फळबाग, दक्षिणेचं जंगल, सगळं नुसते सपाट तुकडे. ते मांडून, बेस ठेवून एक लुटुपुटीची लढाई खेळतो. मगच घरं. तीही २ किंवा ३ मिमीच्या सैनिकांना शोभतील अशा मापाची, आणि मोजकीच. चार छपरं म्हणजे वाडा. घरं सुटी ठेवायची, उचलता आली पाहिजेत, म्हणजे तिथे पलटण बसते. ६ मिमीच्या सैनिकाशेजारी ३ मिमीच्या मापाचं घर खटकेल असं वाटतं ना? हातभर अंतरावरून नाही खटकत. फोटोत खटकतं, हे कबूल.

यात फसवणूक आहे असं कुणी म्हणालं तर विल्यम सायबोर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं उदाहरण द्या. १८३८ मध्ये लंडनला मांडलेली त्याची वॉटर्लूची भव्य प्रतिकृती आता तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. जमीन एका मैलाला नऊ फूट, म्हणजे १:६०० च्या आसपास, आणि सैनिक सुमारे १० मिमीचे, म्हणजे जमिनीच्या तिप्पट मोठे. त्या माणसाने रणभूमीवर महिनोन्‌महिने राहून मोजणी केली होती. त्याला चाललं ते आपल्याला चालावं.

हाच न्याय टेकड्यांना. उंची हवी म्हणून थरावर थर चढवू नका, सेंटिमीटरभर पुरे. उतार लांब ठेवा, नाहीतर बेस घसरतात. आणि साध्या थर्माकोलवर स्प्रेचा रंग थेट मारू नका, तो थर्माकोल खातो. आधी पांढऱ्या गोंदाचा हात द्या.

न विचारलेलं एक सांगतो : तुमचा फ्रेंच निळा फार गडद आहे. पुस्तकातल्या रंगाशी तंतोतंत जुळत असेल, पण एवढ्या बारीक आकारात तो काळाच दिसतो. दोन छटा उजळ घ्या, आणि छातीवरचे तिरके पांढरे पट्टे ठसठशीत काढा. कॉलरची किनार कोणत्या रंगाची यावर वाद घालणारे येतीलच. त्यांना टेबलापासून दोन पावलं मागे उभं करा आणि मग विचारा.

१:१००० जमीन धरून खेळणाऱ्यांचं गणित वेगळं पडेल, माझे आकडे त्यांना लावू नका. पण तुमचा बेस ६० मिमीचाच असेल तर वॉटर्लूची चार-पाच किलोमीटरची आघाडी दोन ते अडीच मीटर होते. टेबल तेवढं आहे का, हेही मोजून घ्या. कागद कापून झाले की मांडणीचा फोटो टाका, आणि तोवर उरलेल्या पट्ट्या बेसवर चिकटवू नका.